बॅटचा वेग आणि आपली नजर

सर्वांत वेगवान गोलंदाज कोण, या प्रश्नाला उत्तर असते. रडारची बंदूक रोखली की आकडा हाती येतो, आणि २००३च्या विश्वचषकात शोएब अख्तरने इंग्लंडविरुद्ध टाकलेला ताशी १६१.३ किलोमीटरचा चेंडू पुढे करून वाद मिटवता येतो. सर्वांत वेगवान बॅट कोणाची, हा प्रश्न मात्र असा मिटत नाही. ज्यांच्याविषयी आपण भांडतो त्यांपैकी बहुतेकांच्या बॅटचा वेग कोणी मोजलेलाच नाही. साक्षीला असते ती फक्त आपली नजर, आणि ती किती विश्वासार्ह आहे हा खरा वादाचा विषय व्हायला हवा.

आम्ही चारपाच जण हा वाद गेली कित्येक वर्षे घालत आलो आहोत. आमच्यात एक माध्यमिक शाळेतले शिक्षक आहेत, एक साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, एक वकील आहेत, आणि उरलेल्यांचा व्यवसाय सांगण्याजोगा नाही. आम्ही सगळे नगर जिल्ह्यातले. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी बोलताना आमच्या तोंडी अजून नगरच येते. श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दमध्ये जन्मलेला अजिंक्य रहाणे हे दोघे आमच्या जिल्ह्याचे, त्यामुळे या वादात आमचा थोडा हितसंबंधही आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

वादाचा पहिला टप्पा नावांचा असतो. वकीलसाहेब युवराजसिंगचे नाव घेतात. १९ सप्टेंबर २००७ रोजी दर्बानला स्टुअर्ट ब्रॉडच्या एका षटकात त्याने सहा षटकार मारले आणि १२ चेंडूंत अर्धशतक पुरे केले. ती उंच उचललेली बॅट, तो लांबलचक कमानदार झोत, यापेक्षा वेगवान काय असणार? कोणी सेहवागचे नाव घेतो. २००८ साली चेन्नईला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने २७८ चेंडूंत त्रिशतक गाठले. पाय जागचे फारसे हलले नाहीत, सारा कारभार हातांचा. कोणाला शारजातला विनोद कांबळी आठवतो. १९९४ साली शेन वॉर्नच्या एका षटकात त्याने २२ धावा काढल्या होत्या. झहीरचे नाव कोणी फलंदाज म्हणून घेत नाही. पण डिसेंबर २०००मध्ये जोधपूरला हेन्री ओलोंगाच्या शेवटच्या षटकात त्याने ओळीने चार षटकार मारले होते, याची आठवण कारखान्याचे गृहस्थ न चुकता करून देतात.

दुसरा टप्पा ज्येष्ठांचा. त्यांच्या मते हे सगळे कालचे. १९८२ साली मँचेस्टरला संदीप पाटीलने बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले, ती खरी बॅट. पण आमच्यातल्या ज्येष्ठांनी तो डाव पाहिला नव्हता, ऐकला होता. समालोचकाचा आवाज वाक्य पुरे होण्याआधीच चढायचा आणि त्या चढलेल्या आवाजातून त्यांनी बॅटचा वेग ताडला होता. त्याही मागे गेले तर नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू भेटतात. १ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर एम.सी.सी.विरुद्ध त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या, त्यांत ११ षटकार होते. तो डाव पाहिलेला माणूस आता भेटणे नाही. ज्यांनी पाहिला त्यांच्याकडून ज्यांनी ऐकला, त्यांच्याकडून आम्ही ऐकला. तरीही नायडूंची बॅट विजेसारखी होती असे आम्ही छातीठोकपणे सांगतो, आणि त्यात काही गैर आहे असे कोणालाच वाटत नाही.

या नावांकडे नीट पाहिले तर ध्यानात येते की प्रत्येक जण वेगळीच गोष्ट मोजतो आहे. युवराजच्या बाबतीत आपण षटकार मोजतो, सेहवागच्या बाबतीत चेंडू, पाटीलच्या बाबतीत समालोचकाचा आवाज, तर नायडूंच्या बाबतीत पिढ्यांचा आदर. या चारही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांतली एकही बॅटचा वेग नव्हे. धावांची गती आणि बॅटची गती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बॅटची कड लागून यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून गेलेला चेंडूही चौकारच देतो.

मग डोळ्यांना दिसणारा वेग तो काय असतो? ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला जेमतेम अर्धा सेकंद घेतो. त्यातला बराच काळ चेंडू ओळखण्यात आणि पाय कुठे टाकायचा हे ठरवण्यात जातो. बॅट प्रत्यक्ष खाली येते ती उरलेल्या अंशात, आणि बॅट व चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकेच. हे मानवी डोळ्याला दिसत नाही. दिसते ते आधीचे आणि नंतरचे. आधी उचललेली बॅट दिसते, नंतर खांद्यावरून मागे गेलेली बॅट दिसते. २ एप्रिल २०११च्या रात्री वानखेडेवर धोनीने मारलेला शेवटचा षटकार आठवावा. आपल्या मनात कोरली गेली आहे ती फटक्यानंतर हवेत गरकन फिरलेली त्याची बॅट. त्या वेळी चेंडू केव्हाच निघून गेला होता. ज्याला आपण वेग म्हणून मिरवतो तो पुष्कळदा वेगाचा शेवट असतो.

याच्या उलट सचिनचा सरळ फटका. त्याची बॅट तीन पौंडांहून जड, आणि फटका मारून झाल्यावर ती जणू मध्येच थबके. पाहणाऱ्याला वाटे, नुसती बॅट पुढे धरली. चेंडू मात्र गोलंदाजाला वाकायला सवड न देता सीमेपार जाई. शिक्षक एकदा वैतागून म्हणाले होते, “अहो, बॅट दिसलीच नाही तर तिचा वेग कसला सांगता?” वकीलसाहेबांनी लगेच उत्तर दिले, “दिसली नाही, हाच वेग.” दोघांचे म्हणणे ऐकताना बरोबर वाटते, आणि म्हणूनच हा वाद नजरेच्या बळावर सुटणारा नाही.

हा वाद आपल्यापुरता नाही. बेसबॉलच्या अमेरिकेत तो आपल्याहून जुना आहे. अमेरिकन मिशनरी नगरला १८३१ साली आले आणि त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. बेसबॉल मात्र इथल्या मातीत रुजला नाही, त्यामुळे तिकडची नावे आपल्याला परकी वाटतात. पण भांडण तेच. बेब रूथ की हँक ॲरन, की चेंडूची वाट पाहताना बॅट सतत डोलावत राहणारा गॅरी शेफील्ड? १९२१ साली तर कोलंबिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी रूथला प्रयोगशाळेत नेऊन त्याच्या डोळ्यांची, हातांची आणि प्रतिसादाची तपासणी केली होती. शंभर वर्षे असे चालले. मग २०२४च्या मे महिन्यात तिथल्या प्रमुख लीगने प्रत्येक खेळाडूच्या बॅटचा वेग जाहीर करायला सुरुवात केली. मैदानाभोवतीचे कॅमेरे प्रत्येक झोत टिपतात आणि बॅटच्या टोकापासून सहा इंचांवरच्या बिंदूचा वेग सांगतात. सरासरी ताशी ७२ मैलांच्या आसपास निघाली. जियानकार्लो स्टँटन नावाचा धिप्पाड खेळाडू ८१ मैलांच्या सरासरीने सर्वांच्या पुढे होता.

वाद संपायला हवा होता. पण त्याच यादीच्या तळाशी लुईस अरायेझ हे नाव निघाले. त्याच्या बॅटचा वेग सरासरी ६३ मैलांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सर्वांत मंद. आणि हाच अरायेझ २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे आपापल्या लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत पहिला आला होता. वेगाला किंमत नाही असा याचा अर्थ नव्हे. भौतिकीचे अभ्यासक सांगतात की बॅटच्या नेमक्या जागी बसलेल्या फटक्यात परतणाऱ्या चेंडूचा वेग म्हणजे ढोबळमानाने बॅटच्या वेगाची १.२ पट अधिक येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा पाचवा हिस्सा. षटकार हवा असेल तर बॅट वेगाने यावीच लागते. पण हे गणित ‘नेमक्या जागी’ या दोन शब्दांवर उभे आहे, आणि त्या शब्दांची हमी वेग देत नाही.

हे आपल्याला नवे वाटू नये. विटीदांडू खेळलेल्या माणसाला ते ठाऊक असते. दांडू इतका हलका की तो कोणीही सपकन फिरवू शकतो. तरी एकाचा टोला शेताच्या बांधापलीकडे जातो आणि दुसऱ्याचा दांडू विटीला न शिवता हवेतून फिरून येतो. बांधापलीकडे जाणारा टोला नेहमी दांडग्या पोराचाच असे, असेही नाही.

इथे आमच्या जिल्ह्याचा माणूस येतो. रहाणे आश्वीत जन्मला आणि डोंबिवलीत वाढला. त्याच्या खेळात डोळ्यांत भरणारा झोत कधीच नव्हता. २०१४ साली लॉर्ड्सच्या हिरव्या खेळपट्टीवरचे त्याचे शतक असो, की ॲडलेडला ३६ धावांत सर्व बाद झाल्यानंतर डिसेंबर २०२०मध्ये मेलबर्नला कर्णधार म्हणून काढलेल्या ११२ धावा असोत, तारीफ झाली ती संयमाची. संयम हा शब्द टी-ट्वेंटीच्या बाजारात शिवीसारखा वापरला जातो. डिसेंबर २०२२च्या लिलावात चेन्नईने त्याला ५० लाखांच्या मूळ किमतीला घेतले, कारण दुसऱ्या कोणी बोलीच लावली नाही. त्यानंतर ८ एप्रिल २०२३ रोजी वानखेडेवर त्याने १९ चेंडूंत अर्धशतक केले, पुढे कोलकात्याला २९ चेंडूंत नाबाद ७१, आणि हंगामाच्या अखेरीस १७२हून अधिक स्ट्राइक रेटने ३२६ धावा. डिसेंबर २०२४मध्ये मुंबईने सय्यद मुश्ताक अली चषक जिंकला, तेव्हा स्पर्धेत सर्वाधिक ४६९ धावा त्याच्याच होत्या.

वयाच्या पस्तिशीत त्याच्या बॅटला अचानक वेग आला काय? आमचा तर्क वेगळा आहे. हात तेच होते, मनगट तेच होते, फटकेही पुस्तकातलेच होते. बदलली ती परवानगी. कसोटीत जो चेंडू अंगाजवळ खेळून सोडून द्यायचा, तोच आता क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून मारायची मुभा त्याने स्वतःला दिली. वकीलसाहेबांना हा तर्क मान्य नाही. त्यांच्या मते बॅट न मोजता हेही एक अनुमानच, आणि आपल्या गावच्या माणसाविषयी केलेले अनुमान म्हणजे वकिलीच. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण ‘हा मंद आहे’ हा निष्कर्षही कोणी बॅट मोजून काढलेला नव्हता.

हा मुद्दा करमणुकीचा राहत नाही, तो आमच्यातल्या शिक्षकांमुळे. त्यांच्या शाळेत तेरा वर्षांचा एक मुलगा होता. वडील ऊसतोडीच्या टोळीत, मुलगा मावशीकडे राहून शिकणारा. उशिरा खेळायचा, चेंडू जवळजवळ अंगावर येऊ द्यायचा आणि मग मोकळ्या जागेतून हळूच सारायचा. निवडीच्या एका शिबिरात त्याला दहा-बारा चेंडू खेळायला मिळाले आणि शेरा मिळाला, “हात जड आहेत, बॅट हळू येते.” तो परत आला आणि त्यानंतर सीझन बॉल खेळायला गेला नाही. शिक्षक म्हणतात, तो मोठा खेळाडू झाला असता असा माझा दावा नाही; पण जो उशिरा खेळू शकतो त्याची बॅट हळू कशी असेल? उशीर त्यालाच परवडतो ज्याला शेवटच्या क्षणी पोचता येते.

या प्रश्नावर आमच्यात पहिल्यांदाच कोणी प्रतिवाद केला नाही. आपण ज्याला वेग म्हणतो त्यात गडबड, आवाज आणि अंगविक्षेप यांचा भाग किती, याचा हिशेब आपण कधी मांडत नाही. उंच उचललेली बॅट निवड करणाऱ्याला दिसते. चेंडूची वाट पाहणारी बॅट दिसत नाही. नावाजलेल्या फलंदाजाच्या बाबतीत ही चूक वादापुरती राहते, कारण त्याला दुसरा डाव मिळतो, दुसरा लिलाव मिळतो. दहा-बारा चेंडूंवर ज्याचे ठरते त्याला ते मिळत नाही.

मोजण्याची साधने आता क्रिकेटमध्येही आली आहेत. २०१७च्या चॅम्पियन्स करंडकात काही फलंदाजांच्या बॅटच्या मुठीवर संवेदक बसवले होते, आणि २०१८ साली अनिल कुंबळेच्या कंपनीने बॅटच्या पाठीवर चिकटवायची एक पट्टी आणली, जी वेगासोबत फटका कुठे बसला हेही सांगते. अशी पट्टी तालुक्याच्या मैदानावर पोचली तर आमचा वाद फिका पडेल, अशी भीती वकीलसाहेबांना वाटते. शिक्षकांना वाटते की ती पोचावी, आणि तिच्यावरचे दोन्ही आकडे वाचले जावेत. नुसता वेगाचा वाचला तर नजरेचीच खोड यंत्राला लागेल.

सर्वांत वेगवान बॅट कोणाची, यावर आमचे एकमत झालेले नाही. युवराजच्या बाजूने दोन मते आहेत, सेहवागच्या बाजूने एक, आणि कारखान्याच्या गृहस्थांचे जोधपूर कायम आहे. नायडूंना कोणी यादीतून काढू धजत नाही. एवढेच ठरले आहे की कोणाची बॅट हळू आहे असे म्हणायचे झाल्यास, ते कशावरून म्हणतो हे आधी सांगायचे.