घोडे विकायचे बंद झाले

17 नोव्हेंबर 2016. 'सिव्हिलायझेशन 6'चा पहिला मोठा पॅच. नोटबंदीला नऊ दिवस झाले होते, दिवसा मी बँकेच्या रांगेत असायचो, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे.

गेम येऊन जेमतेम महिना झाला होता. तोवर कुठलीही पलटण मोडली की खजिन्यात सोनं जमा व्हायचं. त्यात सिथियाच्या तोमिरिस राणीला एक घोडदळ उभं केलं की दुसरं फुकट. दोन मिळवा, दोन्ही मोडा, आलेल्या सोन्यात हवं ते घ्या. धुळ्याचा मावसभाऊ आणि मी या युक्तीला आमच्याकडच्या घोडेबाजारावरून 'सारंगखेडा' म्हणायचो. फोनवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय भो, आज किती घोडे विकले?"

पॅचमध्ये आमच्यासाठी महत्त्वाचं एवढंच होतं: पलटण मोडली तर सोनं नाही. जखमी पलटण तर मोडताच येणार नाही. घोडदळ झटपट उभारून देणाऱ्या धोरणाचा जोरही उतरवला होता.

·

नकाशा तोच, घोडाही तोच, पण मी वेगळा खेळू लागलो. घोडदळाचा हुकूम देण्याआधी हात थांबायचा. हे न्यायचं कुठे? दर टर्नला याचा खर्च कशातून भागवायचा? व्यापारी पेठ मी आधी सगळ्यात शेवटी बांधायचो, ती आता दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर आली. उंटांचे तांडे शेजारच्या शहरांकडे जाऊ लागले. शेजारी कोण आहे, त्याला काय हवं आहे, हे मी त्या महिन्यात पहिल्यांदा नीट पाहिलं.

·

आठवडाभर मावसभावाला आणि मला एकत्र खेळताच आलं नाही. जिओच्या फुकट डेटावर त्याच्याकडे पॅच उतरला, माझ्या घरी रेंज फक्त गच्चीवर. दोघांची आवृत्ती एक नसेल तर ऑनलाइन डाव लागतच नाही. शेवटी रविवारी तो एसटीने पारोळा, एरंडोल करत लॅपटॉप घेऊनच जळगावला आला आणि आम्ही एकाच लॅपटॉपवर आळीपाळीने बसलो. त्याची पाळी असली की मी स्वयंपाकघरात जाऊन भरीत-भाकरी घेऊन यायचो. पडद्याकडे बघायचं नाही, असं ठरलं होतं.

·

दत्तजयंतीला आम्ही खऱ्या सारंगखेड्याला गेलो. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिथला घोड्यांचा बाजार. आता नंदुरबार जिल्हा, पण 1998 पर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यातलंच. एका गिऱ्हाइकाने घोड्याचा ओठ वर करून दात पाहिले. मानेवरचे, छातीवरचे भोवरे बोटाने चाचपले. "चालवून दाखवा," म्हणाला. चाल पाहिली आणि पुन्हा दात पाहिले. पैसे मोजून झाले तरी जुन्या मालकाने दोर लगेच सोडला नाही. घोडा काय खातो, कशाला बुजतो, पाणी कधी पाजायचं, हे सगळं सांगितलं आणि मग दोर दिला.

परतीच्या वाटेवर, दोंडाईच्याला चहा पिताना, मला आमच्या युक्तीतली खोट कळली. आमचा घोडा कुणी विकत घेतच नव्हतं. तो नाहीसा व्हायचा आणि मागे सोनं उरायचं. विकण्यात काही वावगं नव्हतं, घेणारा कुणी नव्हता हे वावगं होतं. पॅच लिहिणाऱ्यांनी विक्रीच बंद केली. माझ्या मते त्यांनी घेणारा आणायला हवा होता. शेजारच्या राजाला घोडे विकायचे आणि पन्नास टर्नांनी तेच घोडे आपल्या वेशीवर येतील ही धास्ती बाळगायची, असा डाव मला आवडला असता.

·

फेब्रुवारी 2019 मध्ये त्याच गेमचा 'गॅदरिंग स्टॉर्म' हा विस्तार आला आणि नकाशावर पूर येऊ लागले, दुष्काळ पडू लागले. भारताच्या वाट्याला आधीपासून बारव होती. आता दुष्काळात जे अन्न घटतं, ते बारवेच्या घरात घटत नाही. राज्याने नुकताच 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता, त्यात आमचे खानदेशातलेही होते. मी त्या डावात एकही युद्ध केलं नाही. बारवा बांधत गेलो.

·

पॅच म्हणजे काय, हे घरातल्या वडीलधाऱ्या नानांना सांगताना मी कॉम्प्युटरचे दाखले देत होतो. त्यांना ते आधीच ठाऊक होतं, बुद्धिबळामुळे. ते शिकले देशी पद्धत: प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसायच्या आधी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी. प्यादं शेवटच्या ओळीत ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल, तेच मोहरं व्हायचं. त्यामुळे कोणतं प्यादं पुढे काढायचं हे ते फार लवकर ठरवत. सरसकट वजीर मिळू लागल्यावर ती काळजीच संपली.

प्याद्याला दोन घरं दिली तर ते शत्रूच्या प्याद्याची मारण्याची जागा ओलांडून सटकतं. म्हणून मग 'एन पासाँ'ची मार आणावी लागली. एका दुरुस्तीला लागलेली दुसरी दुरुस्ती! नानांना ती मार कधी रुचली नाही. प्यादं उभं एका घरात आणि मारायचं मागच्या घरात, हे काय?

बुद्धिबळपटू मीर सुलतान खानही देशी नियमांवरच वाढले. लंडनला गेले त्याच वर्षी, 1929 मध्ये, ब्रिटिश विजेते झाले. पुन्हा 1932 आणि 1933 मध्ये. नव्या नियमांच्या सुरुवातीच्या चालींत ते मागे पडत आणि मधल्या डावात भरून काढत. नानाही तसेच खेळतात. पहिल्या दहा चालींत माझी मुलगी त्यांना कोंडते आणि विसाव्या चालीपर्यंत तिचा घोडा कुठेतरी अडकलेला असतो.

परवा तिने पट मांडला. नानांनी चष्मा पुसला, पांढरं प्यादं उचललं आणि हवेतच धरून विचारलं, "बाई, आज एक घर की दोन?"