तांब्यावरचे देऊळ

माझी आजी बदलापूरला राहत असे आणि आम्ही अंबरनाथला. दर महाशिवरात्रीला ती पहाटेच उठून बदलापूरहून अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत पायी येई. आगगाडी असताना चालायचे कशाला, असे कोणी विचारले, की "देव काय स्टेशनात बसला आहे?" एवढेच ती म्हणे. मी सातवीत असताना ती अंगणात पडली, मांडीचे हाड मोडले आणि तिचे चालणे कायमचे थांबले. महाशिवरात्र जवळ येऊ लागली, तशी ती गप्प गप्प राहू लागली. तेव्हा मी मनाशी ठरवले, की आजीला देवळाकडे जाता येत नाही, तर देऊळच आजीकडे न्यायचे.

हा बेत मी आमच्या चित्रकलेच्या गुरुजींना सांगितला. ते म्हणाले, "कागदावर एक चित्र काढशील, तर ते एकाच भिंतीवर लागेल. तांब्यावर काढ. आजीला एक होईल, आत्याला एक होईल, आणि मलाही एक देशील."

तांब्यावर चित्र काढायचे म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते. गुरुजींनी ते समजावून सांगितले. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेण आणि राळ यांचा पातळ लेप द्यायचा. लेप वाळला, की सुईसारख्या टोकाने त्यावर चित्र काढायचे. जेथे सुई फिरते तेथला लेप निघतो आणि खालचे तांबे उघडे पडते. मग पत्रा तेजाबात ठेवायचा. तेजाब मेणाला काही करत नाही, पण उघडे तांबे मात्र खाते. अशा रीतीने प्रत्येक रेघेची एक बारीक चर तयार होते. मग लेप पुसून टाकायचा, चरांत शाई भरायची, वरची शाई मलमलीने पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढायचा. चरांतली शाई कागदावर उमटते. या कलेला अम्लरेखन म्हणतात.

युरोपात ही कला चिलखते घडविणाऱ्यांच्या हातून आली. ते लोक पोलादावर तेजाबाने नक्षी काढीत. जर्मनीतील आउग्सबर्ग गावच्या डॅनियल हॉफरने इ. स. १५०० च्या सुमारास तीच युक्ती कागदावर चित्रे छापण्यासाठी वापरली. त्याच्याही आधी तेथील सोनार धातूवर कोरणीने रेघा कोरून त्यांचे ठसे घेत असत. आल्ब्रेख्त ड्यूरर या थोर चित्रकाराचे वडील सोनारच होते.

हे ऐकून मला एक शंका आली. आमच्या अंबरनाथचे देऊळ शिलाहार राजांच्या काळातले. देवळातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काळ आहे. हे शिलाहार राजे जमिनी दान देत, तेव्हा दानाचा मजकूर तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत. असे ताम्रपट ठाणे जिल्ह्यात सापडले आहेत. मग आपल्या लोकांनी त्या कोरलेल्या अक्षरांत शाई भरून कागदावर का दाबली नाही?

गुरुजी हसले. "दाबली असती, तर काय उमटले असते?" त्यांनी विचारले. मी विचार केला. अक्षरे उलटी उमटली असती! ताम्रपट वाचण्यासाठी होता, छापण्यासाठी नव्हता. छापायचे असेल, तर कोरणाऱ्याने आधीच सारे उलटे कोरावे लागते.

असे उलटे कोरणारा एक कारागीर महाराष्ट्रातही होऊन गेला. पेशवाईच्या अखेरच्या काळात पुण्याच्या दरबारात चार्ल्स मॅलेट नावाचा इंग्रज वकील होता. त्याच्या उत्तेजनाने पुण्याचा एक तांबट छपाईसाठी तांब्यावर कोरण्यास शिकला. नाना फडणविसांनी त्याच्याकडून भगवद्गीता कोरून घेण्यास आरंभ केला. परंतु काम पुरे होण्यापूर्वीच, इ. स. १८०० मध्ये, नाना वारले. तेव्हा तो तांबट मिरजेस गेला. तेथील गंगाधरराव पटवर्धन यांनी त्याला आश्रय दिला आणि १८०५ साली मिरजेस ती गीता छापून निघाली. हंडे आणि घागरी घडविणारा तो हात! अठरा अध्याय, सातशे श्लोक, आणि त्यातली प्रत्येक वेलांटी, प्रत्येक काना त्याने उलट्या बाजूने कोरला. मला तर नुसते 'अंबरनाथ' हे नाव उलटे लिहिताना चार कागद फाडावे लागले.

पत्रा आणायला मी उल्हासनगरला गेलो. तेथे भंगाराच्या एका दुकानावर सिंधी लिपीतली जुनी पाटी होती. ही लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात, हे मला माहीत होते. मी म्हातारबाबांना म्हटले, "बाबा, तुम्हाला उलटे लिहायचे किती चांगले वळण आहे!" त्यांनी तराजूतून मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बेटा, आमच्याकडून पाहिले तर तुम्ही उलटे लिहिता." पत्रा मात्र त्यांनी चांगला जाड दिला.

पुढचे चार रविवार मी देवळासमोर बसून चित्र काढले. काळ्या दगडातल्या त्या भिंतींवर इतकी शिल्पे आहेत, की एक कोपरा काढता काढता ऊन डोक्यावर येई. देवळाशेजारून वाहणारी वालधुनीही मी काढली. तिचे पाणी आता पाहवत नाही. पण आजी सांगे, की तिच्या लहानपणी यात्रेकरू तेच पाणी ओंजळीने पीत. म्हणून चित्रात मी ती स्वच्छ ठेवली. मग सारे चित्र लेप दिलेल्या पत्र्यावर उतरविले आणि खाली मोठ्या काळजीने, गुरुजींनी बजावल्याप्रमाणे, 'अंबरनाथ' अशी अक्षरे उलटी लिहिली. तेजाबाचे काम गुरुजींनी स्वतः केले; मला त्यांनी दाराबाहेर उभे केले.

त्यांच्या ओळखीच्या एका चित्रकाराकडे दादरला छापण्याचे यंत्र होते. ते उसाच्या चरकासारखेच दिसे. कागद उचलला, तेव्हा खाली 'अंबरनाथ' हे नाव सुलट, ठळक उमटलेले पाहून मी आनंदाने टाळ्या पिटल्या. त्या दिवशी आम्ही पाच प्रती काढल्या.

महाशिवरात्रीला सकाळी मी बदलापूरला गेलो आणि चित्र आजीच्या हातात दिले. तिने ते डोळ्यांजवळ नेले. बराच वेळ ती पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "देऊळ आपलेच आहे रे बाळा, पण वालधुनी या हाताला कुठे नेलीस?"

माझ्या काळजात धस्स झाले. अक्षरे मी उलटी लिहिली होती, पण चित्र? चित्र उलटे काढायचे मी साफ विसरलो होतो! साठ वर्षे ज्या वाटेने ती चालत आली, ती वाटच मी फिरवून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी मी रडवेल्या चेहऱ्याने गुरुजींकडे गेलो. त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढले. हॉलंडमधील रेम्ब्रांट या चित्रकाराने सुमारे ३०० चित्रे तांब्यावर काढली. त्यांत १६५० सालचे एका शंखाचे चित्र आहे. त्या जातीच्या शंखाचा पीळ ज्या दिशेने असतो, त्याच्या नेमका विरुद्ध दिशेने तो या चित्रात आहे. पण खालची सही? ती मात्र अगदी सुलट. "एवढ्या मोठ्या माणसानेही नाव उलटे कोरले आणि शंख जसाच्या तसा ठेवला," गुरुजी म्हणाले. माझ्या पत्र्यावरची चूक त्यांनी आधीच ओळखली होती की नाही, हे त्यांनी मला कधीच सांगितले नाही.

माझे समाधान झाले. पण आजीचे कसे व्हावे? नवा पत्रा घ्यायला माझ्याजवळ पैसे उरले नव्हते. मी आजीला सारी हकीकत सांगितली आणि माझी चूक दाखविण्यासाठी तो पत्राही तिच्यापुढे धरला. तिने त्यावरून बोट फिरविले. बोट देवळाच्या पायऱ्यांवरून निघाले आणि वालधुनीच्या काठावर येऊन थांबले.

"अरे, येथे तर ती बरोबर आहे!" ती म्हणाली.

खरेच की! छापलेल्या कागदावर जे उलटे होते, ते पत्र्यावर सुलट होते. "पण आजी, येथे नाव उलटे आहे," मी म्हटले.

"मला कुठे वाचता येते?" आजी म्हणाली. "कागद तुमच्या शहाण्यांना द्या. मला हे तांबे राहू दे."

तिने तो पत्रा देवघरात ठेवला. दर सोमवारी पूजेच्या उपकरण्यांबरोबर ती तोही चिंचेने घासायला लावी. अशाने रेघा झिजतील, असे मी पुष्कळ सांगितले. पण देवापुढचे तांबे काळे ठेवणे तिला मान्य नव्हते. आज तो पत्रा माझ्या मेजावर आहे. वालधुनीची बारीक रेघ आता जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. देवळाच्या पायऱ्या मात्र अजून बोटाला लागतात.