माघारीचा मसुदा

बारामती आणि इंदापूर येथील दिवाणी न्यायालयांत दावे, कैफियती व अर्ज यांचे मसुदे लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला दावा दाखल करण्याहून तो काढून घेण्याचा कागद लिहिणे अधिक कठीण वाटू लागते. कारण मागणीत एखादे वाक्य अधिक पडले तर फारसे बिघडत नाही, परंतु पुरसीसमध्ये, म्हणजे पक्षकाराने न्यायालयाला द्यायच्या लेखी निवेदनात, एक शब्द सैल पडला, तर पक्षकाराला जे सोडायचे नव्हते तेही हातून निसटते.

बांधाची कुरापत असो, सामाईक विहिरीची पाळी असो की नीरा डाव्या कालव्याच्या चारीवरून भावाभावांत पेटलेला तंटा असो, थकलेला पक्षकार एवढेच म्हणतो : "वकीलसाहेब, मिटवून टाका." या दोन शब्दांत किती भिन्न क्रिया दडलेल्या असतात! दावा काढून घेणे म्हणजे आजची तक्रार न्यायालयाच्या दप्तरातून उचलणे. हक्क सोडणे म्हणजे तक्रारीचे मूळच उपटणे. तडजोड म्हणजे उभयतांनी काही द्यावे, काही घ्यावे आणि त्यावर हुकूमनामा व्हावा. आणि जबाब फिरवणे हे तर आपल्याच शब्दाशी केलेले वैर. 'निवृत्त' हा शब्द गंभीर आणि सुंदर, पण तो वासनांना शोभतो, वादीला नव्हे. 'परावृत्त' म्हटले की कोणीतरी त्याला वळवले असा संशय येतो. 'माघार' मी भाऊबंदकीच्या मसुद्यात कधीच घालीत नाही. त्यात रणांगणाची धूळ आहे. तो शब्द कागदावर चढला की एकाची हार कायमची नोंदली जाते, आणि ज्या सलोख्यासाठी सारा खटाटोप, तोच नासतो.

1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील तेविसावा आदेश या बाबतीत निष्ठुर आहे. नव्याने दावा आणण्याची परवानगी न्यायालयाकडून न मिळवता दावा काढून घेतला, तर त्याच विषयाबाबत पुन्हा दाद मागता येत नाही. ती परवानगीही दाव्यात औपचारिक दोष किंवा अन्य पुरेसे कारण असेल तरच मिळते. आणि मिळाली तरी मुदत मात्र पहिला दावा जणू झालाच नव्हता अशीच मोजली जाते. पक्षकाराला हे शेवटचे पटवणे सर्वांत अवघड.

भीमाकाठच्या माणसांना मात्र ओसरणे आणि सोडणे यांतील अंतर शिकवावे लागत नाही. 1980 साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा उन्हाळ्यात खाली जातो, पळसदेवचे जुने मंदिर वर येते, उघड्या गाळात गाळपेरीची पिके उभी राहतात. तरी पाणी हटले एवढ्याने संपादित जमीन मूळ मालकाची होत नाही, आणि पावसाळ्यात तेच पाणी आपल्या जागी परत येते.

सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी मी पुरसीस पक्षकाराच्या बोलीत वाचून दाखवतो. बांधाचा दावा काढून घेणारा म्हातारा मध्येच "पन पाटाची पाळी ऱ्हायली न्हवं?" असे विचारतो, तेव्हा तो प्रश्न मला साऱ्या कोशांहून मोलाचा वाटतो, आणि पुढची ओळ त्याच्या समोरच लिहिली जाते : 'वादीच्या चारीच्या पाण्यावरील हक्कास कोणतीही बाधा न येता.'