वाट दाखविणारा अंक

मनुष्याला अडविणाऱ्या भिंती दगडाच्याच असतात असें नाहीं. पुष्कळदां दार उघडें असतें, आंत हवी ती वस्तुही असते. परंतु तें दार कोणतें हें न कळल्यामुळें मनुष्य बाहेरच राहतो. म्हणून वाट दाखविणें ही एक विद्याच मानली पाहिजे. आणि ती शिकण्यास आम्हां सोयगांवकरांना फार दूर जावें लागत नाहीं.

अजिंठ्याचीं लेणीं अजिंठा ह्या गांवाच्या नांवानें जगांत प्रसिद्ध झालीं. तें गांव सिल्लोड तालुक्यांत. लेणीं मात्र आमच्या सोयगांव तालुक्यांत, फर्दापुराजवळ. वाघूर नदी जेथें घोड्याच्या नालासारखें वळण घेते, तेथील कड्यांत तीं कोरलेलीं आहेत. २८ एप्रिल १८१९ रोजीं जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीस आला असतां त्याच्या दृष्टीस जें लेणें पडलें, त्याला आपण आज दहावें म्हणतों. प्राचीन काळीं निरनिराळ्या लेण्यांपासून नदीकडे उतरणारे वेगवेगळे जिने असत. सर्वांपुढून जाणारी सलग वाट अलीकडची आहे.

येथील अंकांचा क्रम विचार करण्याजोगा आहे. नववें व दहावें हीं चैत्यगृहें सर्वांत जुन्या लेण्यांपैकीं, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचीं. आणि पहिला अंक ज्यास मिळाला, तें लेणें इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील! वयाप्रमाणें अंक दिले असते, तर इतिहासाचे पंडित संतुष्ट झाले असते. पण पाहुण्याला कड्यावरून सारखें मागेंपुढें धांवावें लागलें असतें. म्हणून अंक पायवाटेच्या क्रमानें आहेत. पुढें पंधरा व सोळा यांच्यामध्यें ढिगाऱ्याखालीं एक लहानसें लेणें सांपडलें. त्यास '१५-अ' असें नांव मिळालें, आणि बाकी सर्वांचे अंक जसेच्या तसे राहिले. क्रम असा असावा, कीं नव्या पाहुण्याला तो कळावा आणि नवी भर पडली तरी मोडूं नये.

जेथें हा विचार होत नाहीं, तेथें कोणाला सोसावें लागतें, हें मीं माझ्या मावशीबरोबर पाहिलें. शहरांतील एका मोठ्या रुग्णालयांत तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावयाचें होतें. दारावर 'ऑप्थॅल्मॉलॉजी' असें, तेंही इंग्रजी लिपींत लिहिलेलें. तीन जिने चढून-उतरून आम्ही त्याच दारापाशीं आलों, तेव्हां चिठ्ठीची खिडकी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावें लागलें. कापूस वेचणीची तिची दोन दिवसांची मजुरी बुडाली. "दार समोरच होतं रे," एवढेंच ती म्हणाली. 'डोळ्यांचा विभाग' हे दोन शब्द लिहिण्यास किती रंग लागला असता?

ह्यावरून असें दिसतें, कीं पाटी लिहिणारा ज्ञानी असून भागत नाहीं. त्यानें वाचणाऱ्याच्या मुखांतील शब्द घेतला पाहिजे. एकाच ठिकाणीं दहा पाट्या लावल्यास एकही वाचली जात नाहीं. आपण आतां कोठें आहोंत आणि परतण्याची वाट कोणती, हेंही मनुष्याला कळावें लागतें. नाहींतर तो पुढें पाऊल टाकण्यासच भितो.

ग्रंथांचेंही तसेंच आहे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडले. त्यांतील एक वाचकाचा वेळ वांचविण्याविषयीं आहे. कपाटांत उत्तम पुस्तक असूनही सूचींत तें सांपडलें नाहीं, तर वाचकाच्या दृष्टीनें तें नाहींच.

विद्यार्थिमित्रांनो, वर्गाच्या पुस्तकांची यादी, भित्तिपत्रकाचीं सदरें, स्नेहसंमेलनाच्या दिवशीं पालकांसाठीं लावावयाच्या पाट्या, हीं कामें आपल्याच हातीं असतात. तीं झाल्यावर एक सोपी परीक्षा घ्यावी. पांचवींतील एखाद्या नव्या मुलाला किंवा कोणाच्या आजीला बोलवावें, एक वस्तु शोधावयास सांगावी, आणि आपण मुकाट्यानें उभें राहावें. ती अडखळेल तेथें आजींचा दोष नसतो. तेथें पाटी बदलावयाची असते.