डावा कोपरा

पावसाळ्याच्या तोंडावर एका सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मजकडे आला. एका आस्थापनेत खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या जागांची निवड चाचणी होती आणि अर्जासोबत ओळखीच्या जबाबदार व्यक्तीचे पत्र जोडायचे होते. मुलगा कबड्डी खेळतो, डाव्या कोपऱ्यावर उभा राहतो. मी कागद पुढे ओढला, त्याचे नाव लिहिले आणि थांबलो. 'हा उत्तम खेळाडू आहे' एवढे लिहिणे काही अवघड नव्हते. पण कशावरून उत्तम, असे कुणी विचारले तर? मी त्याला म्हटले, "बाळा, चार दिवस थांबशील का?" तो "बरं, फादर" म्हणून निघून गेला. बिचाऱ्याला वाटले असावे, फादरांना वेळ नाही. वेळ होता. लेखणी अडली होती ती माझ्या एका जुन्या चुकीपाशी.

त्या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षे झाली. मी तेव्हा साहाय्यक धर्मगुरू होतो. कल्याणच्या बाहेर एका वस्तीत तरुणांनी मातीच्या मैदानावर कबड्डीचे सामने भरवले होते. सेमिनरीत असताना मी थोडाफार खेळलो होतो, एवढ्या पुण्याईवर 'उत्कृष्ट पकड' या बक्षिसाचा निर्णय त्यांनी माझ्या गळ्यात घातला. मी आपला प्रामाणिकपणे वही घेऊन बसलो. रकाने आखले, प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे पकडींच्या रेघा ओढल्या. विजयी संघाच्या उजव्या कोपऱ्यावरील मुलाच्या नावापुढे नऊ रेघा झाल्या, डाव्या कोपऱ्यावरील मुलाच्या नावापुढे दोन. नऊ म्हणजे नऊ. बक्षीस उजव्या कोपऱ्याला गेले. टाळ्या पडल्या. कुणाची तक्रार नव्हती.

पुढे दोन-तीन महिन्यांनी तो डाव्या कोपऱ्याचा मुलगा असेच एक पत्र मागायला आला. मी वही उघडून पाहिली आणि वहीच्या भरवशावर लिहिले की मुलगा शिस्तीचा आहे व बऱ्यापैकी खेळतो. त्याला चाचणीचे बोलावणे आले नाही. ते माझ्या पत्रामुळेच आले नाही असे मी म्हणणार नाही. पण पत्राचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही, हे खरे.

मग एके दिवशी मास्तर भेटले. मास्तर म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. उमेदीच्या काळात स्वतः खेळलेले आणि नंतर मुलांना फुकट शिकवणारे. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "फादर, त्या पोराच्या अंगावर चढाई किती वेळा आली, ते लिहिलंत का?"

मी वही काढली. असा रकाना वहीत नव्हता.

"येणारा प्रत्येक चढाईपटू आधी डावीकडे बघत होता आणि उजवीकडे वळत होता," मास्तर म्हणाले. "म्हणून उजव्याला नऊ मिळाल्या. आणि त्याच्या किती सुटल्या, ते तरी लिहिलंत?"

तोही रकाना नव्हता. मास्तरांच्या हिशेबाने किमान सात सुटल्या होत्या. सुटलेली पकड म्हणजे नुसती वाया गेलेली मेहनत नव्हे. समोरच्याला गुण मिळतो, आपला गडी बाद होऊन बाहेर बसतो आणि त्यांचा बाहेर बसलेला गडी आत येतो. सात सुटल्या म्हणजे सात वेळा उजवा कोपरा मोकळा झाला. ती खिंडारे त्या सामन्यांत कुणी भरून काढली, हे मास्तरांनी मला बोटे मोडत सांगितले. मी निमूट ऐकत राहिलो. धर्मगुरूला अशी निमूट ऐकण्याची सवय फारशी नसते.

ज्या माताभगिनींनी हा खेळ केवळ दूरदर्शन संचावर येता-जाता पाहिला असेल, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. म्हणजे एका बाजूच्या वाट्याला साडेसहा मीटर येतात. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईला ३० सेकंद. बचावाला सहा किंवा सात गडी असतील आणि चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवून त्याच क्षणी दुसरा पाय अधांतरी ठेवला, तर कुणाला न शिवताही त्याला गुण मिळतो. त्या टेकणाऱ्या पावलावर ज्याची नजर असावी लागते तो कोपऱ्याचा गडी. तो एक क्षण आधी झेपावला तर नुसता हात लागून बाद होतो. एक क्षण उशीर झाला तर गुण गेला आणि पाऊलही गेले. नेमक्या वेळी त्याने घोटा धरला, तरी पुढचा माणूस ताकदीचा असेल तर त्याला मध्यरेषेपर्यंत फरफटत नेतो. शेजारचा गडी, मधले गडी, पलीकडचा कोपरा हे सारे येऊन पडेपर्यंत तो घोटा सुटू न देणे, हे खरे काम. आणि सगळे येऊन पडल्यावर त्या ढिगाऱ्यात सर्वांत खाली कोण आहे, हे प्रेक्षकाला दिसत नाही.

आजच्या व्यावसायिक सामन्यांत पकडीचा गुण कुणा एकाच्या नावावर चढतो. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली, तेव्हापासून घरोघरी ही आकडेवारी पाठ झाली आहे; एका सामन्यात पकडींचे पाच गुण मिळवले की त्याला 'हाय फाइव्ह' म्हणतात. बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली तर दोन गुण. त्या अव्वल पकडीचे मोल पडद्यावर ठळक दिसते. मी या आकड्यांचा द्वेष करीत नाही. नऊ सफल आणि सात विफल असे दोन्ही आकडे शेजारी ठेवले असते, तर मीसुद्धा सावध झालो असतो.

मात्र मास्तरांच्या बोलण्यातही एक गोम आहे, ती मला पुष्कळ उशिरा कळली. चढाई ज्याच्याकडे येत नाही तो थोर, असे सरसकट धरले तर जो कधी पुढे झेपावतच नाही त्याचीही पाटी कोरीच असते! कोरी पाटी दोन तऱ्हांची असते, आणि कुठली कोणती हे वही सांगत नाही. त्यासाठी चढाईपटूच्या डोळ्यांकडे पाहावे लागते. तो त्या कोपऱ्याला टाळतो की त्याची पर्वाच करीत नाही? टाळणारा माणूस निदान रेषा ओलांडतो आणि त्या बाजूला बोनससाठी पाय न टाकताच परत फिरतो. पर्वा न करणारा तिथेच रेंगाळतो, श्वास घेतो.

आपल्या कल्याणनेच एक मोठा डावा कोपरा दिला आहे: गिरीश इरनाक. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला सेनादलाला हरवून महाराष्ट्राने अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. रिशांक देवाडिगा कर्णधार होता, आणि त्या संघात गिरीश होता. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेसाठी दोघेही भारताच्या संघात गेले. १९९० साली बीजिंगला कबड्डीचा समावेश झाल्यापासून पुरुषांचे सुवर्णपदक भारताने कधी सोडले नव्हते. जकार्ताला उपांत्य फेरीत इराणने आपल्याला १८ विरुद्ध २७ असे हरवले. इराणच्या डाव्या कोपऱ्यावर फझल अत्राचली होता, यू मुंबाकडून खेळल्यामुळे मुंबईकरांच्या परिचयाचा. दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या चढाईपटूंना दोष देत होता. ते का अडले, हे पाहायला मी तो सामना पुन्हा पाहिला, आणि या वेळी चढाईपटूकडे न पाहता कोपऱ्यांकडे पाहिले. कठीण असते ते. डोळा सवयीने पळणाऱ्यामागे पळतो.

धर्मग्रामातील एका कुटुंबाचा मुलगा मेलबर्नला असतो. नाताळच्या सुट्टीत तो आला असता मी त्याला हे सारे सांगितले, तर तो हसू लागला. तिकडच्या फुटबॉलमध्ये म्हणे असाच एक उंच गडी असतो, त्याला रकमन म्हणतात. पंच चेंडू वर उडवतो, दोन्ही संघांचे दोन उंच गडी उडी घेतात आणि तळव्याने चेंडू आपल्या माणसाकडे टोलवतात. वर्षानुवर्षे त्यांचे टोले मोजले जात. टोले पुष्कळ आणि चेंडू मात्र प्रतिस्पर्ध्याच्या हातात, असेही होई. पुढे आपल्या माणसाच्या हाती सोयीने पडलेले टोले निराळे मोजू लागले. म्हणजे माझ्या वहीतला हरवलेला रकाना तिकडेही कुणालातरी शोधावा लागला तर! मला त्याचे थोडे समाधान वाटले, हे कबूल करतो.

असो. त्या चार दिवसांत मी तीन सायंकाळी मैदानावर जाऊन बसलो. वही नवी घेतली. किती चढाया त्याच्या बाजूला आल्या, किती परत फिरल्या, किती वेळा तो झेपावला, किती सुटल्या, आणि दुसऱ्याने धरलेल्या गड्यावर तो किती वेळा वेळेत पोहोचला, असे रकाने आखले. शेवटचा रकाना सर्वांत लवकर भरला. एक दोषही दिसला: संघ पुढे असतानाही तो कधी कधी उगाच घाई करतो. पत्रात मी हे सगळे लिहिले, दोषासकट. पत्र दोन पानांचे झाले. चाचणीचा निकाल अद्याप लागलेला नाही.

त्याच मैदानावर मुलांना कोपरा कसा धरावा हे शिकवणारा एक चाळिशीचा गृहस्थ रोज सायंकाळी दुकान बंद करून येतो. बावीस वर्षांपूर्वीच्या माझ्या त्या पत्राचा धनी तोच. तिसऱ्या सायंकाळी मी त्याला जुन्या वहीची गोष्ट सांगितली आणि क्षमा मागितली. तो संकोचला. मग म्हणाला, "फादर, त्या दिवशी तुमची खुर्ची उजव्या कोपऱ्याला लागूनच टाकली होती आम्ही. सावली तिकडेच होती ना."

आणि एका पोराचा पाय रेषेबाहेर गेलेला पाहून तो ओरडत तिकडे धावला.