ओढीची दिशा

जन्मतः आत वळलेले आणि टाच वर ओढलेले पाऊल, ज्याला दवाखान्यात क्लबफूट आणि घरोघरी वाकडा पाय म्हणतात, ते उपचारानंतर पुन्हा वळू लागले की ठपका बहुधा आईवर येतो. गरोदरपणात ग्रहण न पाळल्याचा, नंतर बाळाला बूट न घातल्याचा. ग्रहणाचा अर्थातच काही संबंध नाही. बुटांचा मात्र आहे.

इग्नासिओ पॉन्सेती यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस आयोवा विद्यापीठात बसवलेल्या पद्धतीत आठवड्याला एक प्लॅस्टर घालत पाऊल हळूहळू बाहेर आणतात, बहुतेक बाळांमध्ये टाचेची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी चिवट पट्टी, लहानशा छेदाने सैल करतात, आणि मग आडव्या पट्टीवर बसवलेले बूट आधी तीन महिने जवळजवळ दिवसरात्र व पुढे वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत झोपेत घालावे लागतात. रोह्याअलीकडच्या निडीहून परळच्या वाडिया रुग्णालयात जायचे तर दिव्याला गाडी बदलावी लागते आणि दिवसाचा रोज बुडतो. आवणीत तो बुडवणे जड जाते, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघणाऱ्या कातकरी कुटुंबाची तर तपासणीची तारीखच मागे राहते.

पाऊल पुन्हा वळू लागल्याची खूण चालण्यात दिसते. मूल पाऊल उचलते तेव्हा तळवा आत फिरतो, भार बाहेरच्या कडेवर येतो, तिथली कातडी घट्टे पडून जाड होते आणि चप्पलही त्याच बाजूने आधी झिजते. नडगीपुढचा स्नायू पाऊल उचलतो खरा, पण त्याची कंडरा आतल्या कडेला जोडलेली असल्याने तो उचलता उचलता पाऊल आत फिरवतो, आणि त्याला तोलणारे बाहेरचे स्नायू दुबळे असतात. त्यावरच्या शस्त्रक्रियेत ही कंडरा तेथून सोडवून पावलाच्या मध्याजवळच्या तिसऱ्या पाचराकृती हाडाच्या छिद्रात बसवतात. तिला ओवलेला धागा तळव्यातून बाहेर काढून फेल्टच्या तुकड्यावर ठेवलेल्या बटणाला बांधतात, आणि कंडरा रुजेपर्यंत सुमारे सहा आठवडे प्लॅस्टर ठेवतात. स्नायू तोच राहतो, बदलते ती त्याची ओढ. ताठरलेले पाऊल मात्र एवढ्याने सरळ होत नाही. ते आधी प्लॅस्टरनेच सैल करावे लागते.

या शस्त्रक्रियेनंतर बुटांची गरज सहसा उरत नाही, आणि रुग्णालयापासून दूरच्या गावाला याच गोष्टीचे मोल अधिक. पण ते पाचराकृती हाड आधी कूर्चेचे असते. ते पुरेसे घडेपर्यंत, साधारण अडीच-तीन वर्षांच्या वयापर्यंत, शल्यविशारदाला थांबावे लागते आणि तोवरच्या रात्री बुटांवरच काढाव्या लागतात. त्या बुटांवर लक्ष मात्र गावातही ठेवता येते. कुष्ठरोगाने विकल झालेल्या अवयवांची पुनर्रचना करणारे मुंबईचे शल्यविशारद नोशीर अंतिया यांनी १९७० च्या दशकात निडीच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, मांडव्याच्या परिसरात गावातल्याच बायकांना आरोग्यसेविकेचे काम शिकवले होते. टाच बुटात नीट टेकली आहे का, पट्टा सैल आहे का, हे पाहायला तशी बाई पुरेशी असते, आणि त्यासाठी परळ गाठावे लागत नाही.