बांबू, काच, कार्बन

मासे धरायची काठी माशाला ओढायला मदत करते, असं आपल्याला वाटतं. खरं तर ती धरणाऱ्याच्या विरोधात काम करते. शाळेतली तरफ आठवा. काठी जितकी लांब, तितका माशाचा हिसका मनगटावर जास्त जोराने येतो. होडीतून हातदोरीने गळ टाकणाऱ्या कोळ्याला हा ताप नसतो. तो काठीशिवाय आपल्यापेक्षा मोठे मासे ओढतो. मग काठी हवीच कशाला? एक म्हणजे काठावरून गळ लांब फेकायला. दुसरं, वाकून हिसका पचवायला, म्हणजे दोरी तुटत नाही. आणि तिसरं, पाण्याखाली काय चाललंय ते हाताला कळवायला. मला विचाराल तर काठीतली सगळ्यात मोठी सुधारणा या तिसऱ्या कामात झाली. रॉड विकणारे यावर भांडतील.

मी या विषयात शिरलो तो बाबांच्या बोटांमुळे.

बाबा तीस वर्षं कुंडलिकेच्या खाडीत गळ टाकतायत. नोकरी असताना रविवारी, आता वाटेल तेव्हा. काठी कायम बांबूची. बारीक, सरळ, जवळजवळ पेरांचा बांबू निवडायचा, सावलीत वाळवायचा, तेल पाजायचं, टोकाला तंगुसाची दोरी. पण बारा वर्षांच्या मधुमेहाने आधी त्यांचे तळपाय बधिर केले, मग बोटांची टोकं. शर्टाची बटणं आई लावायला लागली तेव्हा घरात कोणी काही बोललं नाही. खाडीवर मात्र दर वेळी रिकामा गळ वर यायला लागला. "खाडीत आता मासाच उरला नाही," बाबा म्हणायचे. मग कोळंबी खाल्ली कोणी, हे मी विचारलं नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे काठीच्या टोकाला घंटी बांधणं. बॅटरीवर वाजणारे अलार्मही मिळतात. मी सुचवून पाहिलं. "घंटी वाजली की उठायला मी काय शाळेचा शिपाई आहे?" विषय संपला.

मग मी वाचायला बसलो. अमेरिकेतल्या रॉडचा इतिहास वाचताना मध्येच कलकत्ता येतं. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावात सॅम्युअल फिलिप नावाचा बंदुका बनवणारा कारागीर बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून काठ्या करू लागला. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांची षट्कोनी काठी यंत्राच्या मदतीने बनवायला घेतली. त्यांना लागणारा बांबू हिंदुस्थानातून, कलकत्त्याहून जायचा, म्हणून त्याचं नाव 'कलकत्ता केन'. नंतर चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या 'टोंकिन केन'ने त्याची जागा घेतली.

चिरायचं कशाला, तर बांबूची ताकद सालीलगतच्या दाट तंतूंत असते. आतला गर नुसताच वजन वाढवतो. म्हणून साठ अंशांच्या त्रिकोणी पट्ट्या काढायच्या, सालीची बाजू बाहेर ठेवून सहा पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या. वाकणाऱ्या कुठल्याही वस्तूत मधला भाग फुकट बसून असतो, ताण सगळा कडेला. आम्हाला इंजिनिअरिंगला हेच एका सूत्रात शिकवलं होतं. फिलिपला ते बहुधा हातानेच कळलं असावं.

१९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि टोंकिनचा पुरवठा आटला. तोवर फायबरग्लास आलं होतं. आर्थर हॉवाल्डने युद्धकाळात आपल्या बांबूच्या रॉडचं मोडलेलं टोक काचतंतूंनी दुरुस्त केलं, त्यातून त्याची पद्धत निघाली आणि ती शेक्सपिअर नावाच्या कंपनीने उचलली. (कंपनीच्या संस्थापकाचं नाव खरंच विल्यम शेक्सपिअर होतं. नाटकांशी संबंध नाही.) काचेची काठी स्वस्त, न कुजणारी आणि भरपूर वाकणारी. पण जड, आणि थोडी ढिम्म.

मग कार्बन. जपानच्या तोरे कंपनीने १९७१ मध्ये कार्बन तंतू बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांची मासेमारीची काठी आली. तिकडे आयु नावाचे गोड्या पाण्यातले मासे धरायला नऊ-नऊ मीटर लांब काठ्या वापरतात, तेव्हा तिथे हलक्या काठीची किंमत कोणाला सांगावी लागली नसणार. अमेरिकेत १९७३ मध्ये फेनविकने ग्रॅफाइट रॉड विकायला काढला. म्हणजे बोईंग ७८७ चे पंख ज्या तोरेच्या कार्बनचे आहेत, त्या धाग्याची सुरुवातीची वर्षं गळ टाकणाऱ्यांनी आणि गोल्फ खेळणाऱ्यांनी निभावून नेली.

आता आमच्या कामाचा हिशोब. साध्या काचतंतूचा ताठपणा सुमारे ७२ गिगापास्कल, साध्या कार्बनचा २३०, आणि कार्बन वजनालाही हलका. तेवढ्याच वजनात साडेचार पट ताठपणा. एकसारख्या आकाराच्या दोन काठ्या घेतल्या तर कार्बनची दुप्पट वेगाने थरथरते. माशाने कोळंबीला तोंड लावलं की होणारी बारीक टकटक काचेच्या किंवा ओल्या बांबूच्या जड टोकात जिरून जाते. कार्बनमधून ती मुठीपर्यंत येते. दोरीचंही तसंच. नायलॉन ताणतं आणि निम्मी बातमी वाटेत खातं, विणलेली पीईची दोरी जवळजवळ ताणतच नाही.

याची किंमत मोजावी लागते. काचतंतू तुटण्याआधी साडेचार टक्क्यांहून जास्त ताणतो, कार्बन दीड टक्क्यात संपतो. खडकावर आपटून एक बारीक ओरखडा आला, तर पुढच्या मोठ्या माशाला काठी 'टक' करून मोडते. जाहिरातींत ३० टन, ४० टन असे आकडे असतात. तो फक्त तंतूचा ताठपणा. काठीत तसा तंतू किती घातलाय, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मी मुद्दाम साध्या कार्बनची, साडेसात फुटी, दोन तुकड्यांची घेतली. वजन दीडशे ग्रॅमच्या आत. बाबांना किंमत निम्मी सांगितली.

पहिल्या रविवारी बाबा म्हणाले, "हातात काही आहे असं वाटतच नाही." मला ते कौतुक वाटलं नाही. बोटांना काही कळत नव्हतंच; टकटक मुठीपर्यंत येऊन थांबत होती. ही बाजू कुठल्याच आकड्यात नव्हती.

तोडगा बाबांनीच काढला. या काठीची मूठ मागे बरीच लांब असते. दुसऱ्या रविवारी कंटाळून त्यांनी तिचा मागचा भाग हाताखाली घेतला आणि कोपराशी दाबून धरला. मधुमेहात सगळ्यात लांबच्या नसा आधी जातात. कोपर अजून शाबूत होतं. थोड्या वेळाने ते एकदम गप्प झाले. डावा हात वर करून मला थांबवलं, मी तर काही बोलतही नव्हतो. मग झटका.

जिताडा वगैरे नव्हता. वीतभर शिंगाळा. त्याचे काटे सांभाळून गळ मी सोडवला, कारण ते काम आता त्यांच्या बोटांना जमत नाही. "आधी दोनदा चाटून गेला," बाबा म्हणाले. "तिसऱ्यांदा धरला."

जुना बांबू आईने पडवळाच्या मांडवाला लावलाय. आमचं एकच भांडण उरलंय. कार्बनमधून वीज वाहते आणि धक्क्याच्या रस्त्यावर वरून तारा जातात, म्हणून काठीचे दोन तुकडे करूनच घरी यायचं, असं मी सांगून ठेवलंय. शेजारचा मुलगा फोनवर सांगतो, काका अख्खी काठी खांद्यावर टाकून येतात. मी बाबांना विचारलं.

"तारांखाली आडवी धरतो," ते म्हणाले. "उगाच सारखी जोडायची, सोडायची. बोटांना नाही जमत."